दवाखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या घराची व्यवस्था

आज सकाळी घरात आलेल्या वस्तू व त्यांची किंमत:

रेघांचा जाड कागद, अर्धा दस्ता: अठरा.
काळ्या शाईची बाटली, लहान: पंचवीस. (मोठी स्वस्त पडली असती. पण एवढी शाई संपवायला मी असेन की नाही, हे गुरुवारनंतर कळेल.)
कार्बन कागद, दोन: चार.
टपालाची तिकिटे व माझा पत्ता लिहिलेले एक परतीचे पाकीट: बारा.
स्टॅम्प पेपर: आणला नाही. मृत्युपत्राला तो लागत नाही असे वकील म्हणाले. वाचले ते बरे.
दिरांच्या वकिलाची नोटीस, तिसरी, रजिस्टर टपालाने: मला फुकट. त्यांना किती पडली ते त्यांनाच ठाऊक.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, भूल देणाऱ्या डॉक्टरांची विधवा, देवासमोर बसून लिहून ठेवते की आज माझे डोके ताळ्यावर आहे. सकाळची प्रार्थना एकही ओळ न चुकता म्हटली, दूध उतू जाऊ दिले नाही, आणि विजेच्या बिलातली बेरजेची चूक पकडली. मला कोणी दटावून लिहायला लावलेले नाही. दटावायला आले होते, त्यांचा उल्लेख पुढे येईल. येत्या गुरुवारी सकाळी आठ वाजता मोठ्या सरकारी इस्पितळात माझे पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. नवऱ्याने चाळीस वर्षे जगाला भूल दिली, मला ती पहिल्यांदाच मिळणार. म्हणून शुद्धीवर आहे तोवर लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी माझ्या सहीचे दुसरे दाखवले तर ते खोटे समजावे आणि ते दाखवणाऱ्याला शेजारच्या दवाखान्यात किती हिस्सा आहे ते आधी विचारावे.

कलम पहिले. माझ्या मागे कोण.

एक मुलगी. शाळेत गणित शिकवते, परगावी राहते. आणि एक धाकटे दीर. ते सर्जन असून आमच्या घराला भिंत लावून उभ्या असलेल्या दवाखान्याचे मालक आहेत. त्यांना मी भाऊजी म्हणते, पुढेही तेच लिहीन. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे, रागावले म्हणून मोडत नाही.

कलम दुसरे. घर.

माझे राहते घर, खाली दोन खोल्या व स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागे धुण्याचा दगड व मोरी. चतुःसीमा: पूर्वेस दवाखाना, पश्चिमेस छापखाना, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस बोळ. घर पहिल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहे. डॉक्टरांनी ते माझ्या नावे घेतले, कारण दवाखान्याच्या कर्जापायी भाऊजी एक दिवस ते तारण मागतील हे त्यांना दिसत होते. मागितलेही. मूळ खरेदीखत देवाच्या कपाटात, खालच्या फळीवर, बिस्किटांच्या जुन्या डब्यात आहे. नोटिशीत या घरात दिरांचा हिस्सा असल्याचे म्हटले आहे. डबा उघडून वाचावे, एवढेच माझे उत्तर.

हे संपूर्ण घर मी भूलतज्ज्ञांच्या संघटनेला देते. दवाखान्याला, दवाखान्याच्या मालकाला, त्याच्या मुलांना, त्याच्या कंपनीला, किंवा त्याने पुढे केलेल्या कोणा तिऱ्हाईताला यातली एक वीटही विकता, भाड्याने देता वा बक्षीस देता येणार नाही. संघटनेनेसुद्धा तसे करायचे नाही.

अट अशी की खालची रस्त्याकडची खोली कायम मोकळी ठेवायची. ज्या भूलतज्ज्ञावर चौकशी लागली आहे, ज्याचा पेशंट टेबलावर गेला आहे, ज्याला घरी जायचे धैर्य होत नाही, त्याने कुठूनही यावे आणि तिथे राहावे. एक पलंग, एक टेबल, एक टेलिफोन. पाण्याचा माठ रोज भरावा. खोलीत एकटे कोणाला ठेवू नये. दुसरा पलंग सोबतीला येणाऱ्याचा.

कलम तिसरे. हे घर संघटनेलाच का.

हे न लिहिता ठेवले तर लोक म्हणतील, म्हातारीला कोणीतरी भरवले. म्हणून लिहिते, आणि लांबले तर लांबू दे. कागद अर्धा दस्ता आहे, दोन्ही बाजूंनी वापरते आहे.

डॉक्टर आणि भाऊजी सख्खे भाऊ. धाकट्याने कापायचे आणि थोरल्याने भूल द्यायची, असा तो दवाखाना उभा राहिला. पेशंट बरा झाला की सर्जनच्या पाया पडून जाई. भूल कोणी दिली हे त्याला आठवत नसे, कारण तो त्याला झोपेच्या उंबरठ्यावर भेटलेला माणूस. दवाखान्याच्या पाटीवर सतरा नावे होती. महिन्यातून एकदा येणाऱ्या दातांच्या डॉक्टरांचेही होते. थोरल्या भावाचे नव्हते. मी एकदा बोलून दाखवले तर हे हसून म्हणाले, "अगं, मी काही केलं हे पेशंटला कळताच कामा नये. तीच माझी पाटी." तेव्हा मला ते पटले होते. आता पटत नाही.

भूल देणाऱ्याच्या ट्रेमध्ये पाच-सहा सिरिंजा भरून ठेवलेल्या असतात आणि औषधे बहुतेक पाण्यासारखीच दिसतात. भाऊजी छापील लेबले विकत आणत नसत. "चिकटपट्टीवर पेनानं लिही की दादा," म्हणत. म्हणून ती लेबले मी घरी करीत असे. रंगीत कागद कापायचा, वर ठळक अक्षरात औषधाचे नाव लिहायचे, मागे डिंक लावून वाळवायचे. झोपेच्या औषधाला पिवळे, स्नायू सैल करणाऱ्याला लाल, वेदना मारणाऱ्याला निळे. सकाळी मोजून द्यायची. ऑपरेशन संपले की डॉक्टर प्रत्येक सिरिंजचे लेबल ओले करून सोडवत आणि भूल-नोंदीच्या कागदामागे चिकटवत. किती चिकटवली तो आकडा संध्याकाळी मला सांगत, उरलेली परत आणत. दिलेली, चिकटवलेली, परत आलेली, तिन्हींचा मेळ मी वहीत घालीत असे. "बायको केली ती ऑडिटर निघाली," असे ते चारचौघांत सांगत आणि वर "एक लेबल हरवलं तर जेवायला मिळत नाही" असे खोटेही जोडत. जेवायला मिळत असे. उशिरा मिळे, एवढेच.

बारा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारची गोष्ट. भूल दिलेल्या माणसाचा बाहेर पडणारा श्वास मोजणारे एक यंत्र असते. श्वासाची नळी सरकली की ते लगेच ओरडते. दवाखान्यातले ते यंत्र आठ महिने बंद होते. डॉक्टरांनी त्याबद्दल भाऊजींना तीन पत्रे लिहिली होती, तिन्हींचा कार्बन ठेवून. कार्बन ठेवण्याची सवय त्यांना मी लावली.

त्या सकाळी भाऊजी माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत उभे होते. डॉक्टर म्हणाले, "यंत्र सुरू झाल्याशिवाय आज मी हात लावणार नाही."

भाऊजी म्हणाले, "दादा, सहा केसेस लागल्यात. उद्या माणूस येतोय दुरुस्तीला. आजचा दिवस काढ ना."

"मागच्या आठवड्यातही उद्याच येणार होता."

"दादा. माझ्यासाठी."

धाकट्याने मागायचे आणि थोरल्याने द्यायचे हे त्यांच्यात लहानपणापासून चालत आले होते. पतंग, सायकल, कॉलेजची फी. तसेच हेही दिले. मी कपबशा विसळत होते, गप्प बसले. माझी ती चूक मी येथे नोंदवते.

तिसरी केस चौतीस वर्षांच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची होती. पित्ताशयातले खडे. टेबल तिरके केल्यावर नळी सरकली. ओरडायला यंत्र नव्हते. कळेपर्यंत उशीर झाला आणि ती बाई गेली. तिचे नाव मी रोज प्रार्थनेत घेते. येथे लिहीत नाही, तिच्या आईने तसे सांगितले आहे.

दुपारी तीनपर्यंत भाऊजींनी नातेवाइकांना सांगून टाकले होते, "भुलीच्या इंजेक्शनांची अदलाबदल झाली. घरी कापलेले कागद लावतात हो सिरिंजांना, दुसरं काय होणार?" म्हणजे खापर डॉक्टरांच्या डोक्यावर आणि उरलेले तुकडे माझ्या. मग ते मागच्या दाराने आमच्याकडे आले.

"दादा, चूक झाली म्हणून लिहून दे. तुझा विमा आहे. तुझं आता राहिलंय काय, दोन वर्षांनी घरीच बसायचंय. दवाखाना बंद पडला तर चाळीस माणसं रस्त्यावर येतील."

डॉक्टर म्हणाले, "माझी चूक आहेच. यंत्र नसताना मी सुरू केलं. तेच लिहून देतो. आणि तुला तीन पत्रं दिली होती, तेही लिहितो."

"कुठली पत्रं?" भाऊजी म्हणाले.

या दोन शब्दांनी मी माझ्या दिरांना ओळखले. त्याआधी तेहतीस वर्षे नुसती चहा देत होते.

आता संघटना. डॉक्टर दरवर्षी तिची वर्गणी भरत आणि मी दरवर्षी कुरकुरत असे. वर्षातून एक सभा, एक जाड मासिक आणि एक पेन, यासाठी एवढे पैसे? त्यात दोन महिन्यांचे दूध आले असते. ही कुरकुर मी आज साक्षीदारांसमोर मागे घेते. त्या मंगळवारी डॉक्टरांनी एक फोन केला आणि दिवेलागणीच्या आत दोन माणसे बसने आमच्या दारात आली. एक संघटनेच्या चिटणीसबाई, स्वतः भूलतज्ज्ञ, आणि एक उंच, अबोल तरुण डॉक्टर. चिटणीसबाईंनी चपलाही काढल्या नव्हत्या.

"सर, बॅग कुठं आहे?"

डॉक्टरांनी कपाटाकडे बोट दाखवले.

"किल्ली?"

त्यांनी गळ्यातली किल्ली काढून दिली. एवढ्या वर्षांत ती त्यांनी माझ्याकडेही कधी दिली नव्हती. चिटणीसबाईंनी औषधांची ती बॅग तरुण डॉक्टरांच्या हातात दिली आणि ते ती घेऊन आल्या पावली बसस्टँडकडे गेले. मला वाटले पुराव्यासाठी असेल. मी मोरीपाशी बाईंना विचारले, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, आमच्यातला माणूस असा अडकला की त्याला आणि त्याच्या औषधांना एका घरात ठेवायचं नाही, हा आमचा पहिला नियम. बाकी वकील-बिकील नंतर. दोन जण गमावल्यावर केलाय हा नियम."

मला ते सुचलेही नव्हते. डॉक्टरांना सुचले होते. तसे त्यांनी मला सहा महिन्यांनी सांगितले, भाजी निवडता निवडता. देवाने मला त्या दिवशी काय दिले असे कोणी विचारले तर मी चिटणीसबाईंचे ते दोन प्रश्न सांगते.

त्या चार दिवस राहिल्या. त्यांनी डॉक्टरांना बजावले, "नोंदीत आता एक अक्षर वाढवायचं नाही, एक खोडायचं नाही." नोंदीची दोन्ही बाजूंची रंगीत नक्कल त्यांनी दुसऱ्याच दिवशी रीतसर मागून घेतली, दवाखान्यात ती हरवायच्या आत. वकील दिला. पुढे दोन वर्षांत चौकशीच्या तेरा तारखा पडल्या. तेराही वेळा संघटनेचे कोणी ना कोणी डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. दुसऱ्या दवाखान्यांतली त्यांची कामे सदस्यांनी आपसांत वाटून घेतली आणि मिळालेल्या पैशांचे पाकीट मात्र आमच्या दारात आणून ठेवले. मी एकदा ते परत केले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, वर लिहिले होते, "ऑडिटरसाहेबांना कळवावे की मेळ बसत नाही, परत घेता येणार नाही."

आणि माझे पाप. त्या आठवड्यात लाल कागद संपला होता. दुकानात जायचा कंटाळा आणि काटकसर, दोन्हींमुळे मी जुन्या वहीचे गुलाबी कव्हर कापून लाल लेबले केली होती. दोन दिवस मी कोणाला बोलले नाही. माझ्या गुलाबी कागदाने ती बाई मारली, असे धरून मी देवासमोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी चिटणीसबाईंसमोर वही ठेवली आणि सगळे सांगितले. त्या ओरडल्या नाहीत, की "असं काही नसतं" असे गोडही बोलल्या नाहीत. त्यांनी नोंदीची नक्कल घेतली, मागे चिकटवलेली लेबले मोजली, माझ्या वहीशी ताडली. पिवळे एक, गुलाबी दोन, निळे एक. प्रत्येकाच्या शेजारी डॉक्टरांनी लिहिलेली वेळ. वहीतल्या तिन्ही आकड्यांचा मेळ चोख. मग त्या म्हणाल्या, "ताई, औषधं बरोबर गेली. पण पुन्हा कधी गुलाबी वापरू नका." मी त्यांच्या मांडीवर डोके ठेवून रडले आणि मग भात लावला.

त्या वहीने अदलाबदलीची थाप चौकशीत उघडी पडली. घरी कापलेले कागद म्हणून ज्यांना हिणवले, त्या कागदांनीच भाऊजींना तोंडघशी पाडले. शस्त्रक्रियागृहातल्या मोठ्या सिस्टरनी नोकरीची पर्वा न करता सांगितले की दुसरे पत्र त्यांनी स्वतः मालकांच्या टेबलावर ठेवले होते. त्यांना दुसऱ्या दिवशी कामावरून काढले. संघटनेने महिन्याच्या आत त्यांना दुसरीकडे लावून दिले.

पण एक लिहिलेच पाहिजे. संघटनेने डॉक्टरांना खोटे बोलून वाचवले नाही. त्यांच्या तज्ज्ञांच्या अहवालात लिहिले होते की दवाखान्याने लेखी सूचना मिळूनही यंत्र दुरुस्त केले नाही, आणि डॉक्टरांनी यंत्राशिवाय भूल द्यायला नकार द्यायला हवा होता. भाऊजींच्या दवाखान्याला दंड झाला. डॉक्टरांना ताकीद मिळाली. मी चिटणीसबाईंवर चिडले, "आमच्या बाजूचे ना तुम्ही?" डॉक्टरच म्हणाले, "बाजूचेच आहेत. म्हणून तर खरं लिहिलंय." अहवालाची एक प्रत संघटनेने त्या बाईच्या आईलाही नेऊन दिली. त्या आल्या, आमच्या पायरीवर बसल्या, डॉक्टरांशी अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही.

पुढे संघटनेने चार वर्षे सरकारच्या पायऱ्या झिजवून नियम करून घेतला, की ते यंत्र चालू नसेल तर त्या टेबलावर भूल देता येणार नाही, आणि नकार देणाऱ्या किंवा संघटनेचे काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाला कोणी कामावरून काढू शकणार नाही. छापील रंगीत लेबले लहान दवाखान्यांना व सरकारी इस्पितळांना फुकट वाटायला त्यांनी सुरुवात केली. पहिला नमुना आमच्या पश्चिमेच्या छापखान्यात छापला. अक्षर कोणते ठेवायचे असे त्यांनी मला विचारले. माझे ठेवले. आज कुठल्याही लहान दवाखान्यात वा सरकारी इस्पितळात सिरिंजवर लाल लेबल दिसले तर त्यावरचे अक्षर माझे आहे. मॅट्रिकच्या परीक्षेत मला अक्षराचे गुण मिळाले नव्हते, हे परीक्षकांना कोणी कळवावे.

डॉक्टर तीन वर्षांपूर्वी गेले, स्वतःच्या पलंगावर, शांतपणे.

कलम चौथे. जे दटावायला आले होते.

दवाखान्याला रुग्णवाहिका आत घ्यायला जागा नाही. माझे घर पाडले तर होते. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून भाऊजी येत आहेत. पहिल्यांदा म्हणाले, "वहिनी, एवढ्या मोठ्या घरात एकट्या काय करता?" मी म्हटले, "झाडते." दुसऱ्यांदा म्हणाले, "नव्या इमारतीला दादाचं नाव देऊ. मोठ्या अक्षरांत." मी म्हटले, "जिवंत होते तेव्हा पाटीवर अठरावी ओळ मावली नाही, आता अख्खी इमारत कशी मावते?" तिसऱ्यांदा, माझ्या ऑपरेशनचे कळल्यावर, खरोखर काळजीने म्हणाले, "वहिनी, सरकारी इस्पितळात कशाला? माझ्याकडे करा. मी स्वतः करतो. पैसे नकोत."

"यंत्र आहे का तुमच्याकडे?"

"दोन आहेत."

"कुणामुळे आले?"

भाऊजी उठले. चहा तसाच टाकून गेले. त्यानंतर नोटिसा सुरू झाल्या.

मुलगी म्हणते, "आई, काकांशी आणखी किती दिवस वैर धरणार?" बाळ, वैर नाही. त्यांनी एकदा खरे बोलावे, मी उठून त्यांना चहा करीन.

कलम पाचवे. डॉक्टरांचे घड्याळ.

मनगटी, चावीचे, मोठ्या सेकंदकाट्याचे. यावर बघून त्यांनी चाळीस वर्षे लोकांच्या नाड्या मोजल्या. हे भाऊजींना द्यावे, पण आधी त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून दिली पाहिजे: "दादाची तीन पत्रे मला मिळाली होती." खाली सही. दुसरे काही नको, माफी तर मुळीच नको. वर्षभरात ओळ आली नाही तर घड्याळ खालच्या खोलीत भिंतीवर लावावे.

कलम सहावे. बॅग.

औषधांची ती बॅग चिटणीसबाईंनी दोन वर्षांनी परत आणून दिली, रिकामी करून. ती तशीच रिकामी खालच्या खोलीतल्या टेबलावर ठेवावी. येणाऱ्याने विचारले तर सांगावे.

कलम सातवे. इतर.

बँकेतली शिल्लक व चार सोन्याच्या बांगड्या मुलीच्या. घराबद्दल तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "आई, मला माझं घर आहे. बाबांच्या लोकांना दे." तिचा हा मोठेपणा येथे नोंदवते, म्हणजे काकांनी तिला फितवले तरी कागद बोलेल. माझ्या लेबलांच्या एकवीस वह्या मात्र तिच्या नाहीत, त्या संघटनेच्या. शिवणयंत्र त्या गेलेल्या बाईच्या आईला विचारावे. घेतले तर द्यावे, नको म्हणाल्या तर आग्रह करू नये. भांडी शेजारी वाटावीत, पितळी पातेले सोडून. ते पातेले भाऊजींच्या बायकोने एकोणीस वर्षांपूर्वी नेले आहे, तिच्याकडूनच आणावे.

कलम आठवे. गुरुवारी मी उठले नाही तर.

ज्या तरुण मुलीने मला भूल द्यायची आहे, तिने काल इस्पितळात मला तपासले. दात हलतात का, जिना चढताना दम लागतो का, कुठले औषध सोसत नाही, सगळे विचारले. मी म्हटले, "आता मी विचारते. श्वास मोजणारं यंत्र चालू आहे?" ती मला हाताला धरून आत घेऊन गेली आणि चालू करून दाखवले. हिरवी रेघ उठत होती, बसत होती. तिच्या ट्रेमधली लेबले पाहिली. अक्षर ओळखले.

तरीही माणसाचे शरीर आहे आणि हाक देवाची आहे. मी टेबलावर गेले तर माझ्या कोणाही नातेवाइकाने त्या मुलीच्या अंगावर धावून जायचे नाही, तिला नाव ठेवायचे नाही, वर्तमानपत्रात जायचे नाही. दुखावलेल्या चेहऱ्याने फोटो काढून घ्यायला भाऊजी पुढे आले तर त्यांना हे कलम वाचून दाखवावे. नोंद संघटनेने पाहावी. चूक तिची असेल तर संघटनेने तसे स्पष्ट लिहावे, माझ्या घराकडे बघून गप्प बसू नये. नसेल तर तेही लिहावे. आणि दोन्ही वेळा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणीतरी तिच्या घरी गेले पाहिजे. गेल्यावर पहिला प्रश्न बॅगेचा.

कलम नववे. अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी. बेरीज तिला येते.

कलम दहावे, आणि हे चिटणीसबाईंना.

तुमचे मागच्या आठवड्याचे पत्र मिळाले. "ताई, समितीत एकमत नाही. नऊपैकी चार जण तुमच्या दिरांच्या दवाखान्यात काम करतात. त्यांना वाटतं, घर घेतलं तर उद्यापासून त्यांना बोलावणं बंद होईल. थोडा वेळ द्या." वेळ माझ्याकडे गुरुवारपर्यंत आहे. त्या चौघांना हे वाचून दाखवा. बारा वर्षांपूर्वी तेरा तारखांना जे डॉक्टरांच्या शेजारी बसले, त्यांचीही कामे तिथेच होती. त्यातले दोघे त्याच चौघांत आहेत, मला चेहरे आठवतात. तेव्हा नोकरी पाहिली नाही, आता का पाहता? कामावर बोलावणे बंद झाले तर तुमचा नियम आहे ना, संघटनेचे काम करणाऱ्याला काढता येत नाही असा? तो वापरा. नियम कपाटात ठेवायला केला होता का?

भीती वाटत असेल तर ती खालच्या खोलीत घेऊन या. ती खोली त्यासाठीच आहे.

तुम्ही नाही म्हणालात तर घर बंद राहील, आणि दवाखान्याला तरीही मिळणार नाही. एवढी तजवीज मी मुलीकडे करून ठेवली आहे.

वर लिहिलेले सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, दोन ठिकाणी खोडले तिथे बाजूला सही केली. कार्बन ठेवला आहे.

साक्षीदार पहिले: शेजारच्या छापखान्याचे मालक. (सही)
साक्षीदार दुसऱ्या: शस्त्रक्रियागृहातल्या मोठ्या सिस्टर, आता निवृत्त. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून त्यांना काही दिलेले नाही. त्या म्हणाल्या, "वहिनी, तेव्हाही फुकटच सांगितलं होतं." (सही)
लिहून देणार: भूल देणाऱ्या डॉक्टरांची बायको. (सही)
ठिकाण: खालची रस्त्याकडची खोली.
तारीख: नऊ, वार शनिवार.

ता. क. चिटणीसबाई, परतीचे पाकीट सोबत आहे, तिकीट लावलेले. आमच्या गल्लीत टपालवाला सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी अकराच्या सुमारास येतो. बुधवारी दुपारी मला इस्पितळात भरती व्हायचे आहे, तोवर मी दारातच बसलेली असेन. कारणे नकोत. हो किंवा नाही, एवढेच उलट टपाली कळवावे.